न्यूरोस्पोराचं घड्याळ नळीत कसं मोजायचं

न्यूरोस्पोरा ही बुरशी नळीत पुढे वाढताना तिच्या आतल्या जैविक घड्याळाच्या दर फेरीला बीजाणूंचा (पुनरुत्पादन करणाऱ्या सूक्ष्म कणांचा) एक पट्टा उमटवते. पट्ट्यांमधल्या अंतरावरून एका फेरीला किती तास लागतात ते कळतं. लागणारी बुरशी: न्यूरोस्पोरा क्रासा, पण 'बँड' उत्परिवर्तन (जनुकातला बदल) असलेली. साधा वाण इथे चालत नाही. बंद नळीत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचे पट्टे पुसट होतात. बँड वाणाला त्याचा तेवढा त्रास होत नाही.

नळी काचेची, ३० ते ४० सेंमी लांब, सुमारे १६ मिमी व्यासाची, दोन्ही टोकं वर वाकवलेली. सहा नळ्यांना १०० मिली माध्यम (बुरशीचं खाद्य) पुरतं: ५० पट तीव्र व्होगेल क्षारांचं (बुरशीला लागणाऱ्या क्षारांचं) द्रावण २ मिली, ग्लुकोज ०.१ ग्रॅम, आर्जिनिन ०.१७ ग्रॅम, आगर १.५ ग्रॅम, बायोटिन ५ मायक्रोग्रॅम. ग्लुकोज 'थोडं जास्तच असू दे' म्हणून वाढवू नका, पट्टे फिसकटतात. नळीत १३ मिली ओता, टोकांना कापसाचे सैलसर बोळे लावा, ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा) आणि आडव्या ठेवून थिजू द्या. आत पाण्याचे थेंब दिसले तर पूर्ण सुकू द्या. नाहीतर बीजाणू पाण्याबरोबर पुढे वाहतात, तिथेच रुजतात आणि वाढीची कड (बुरशी पसरत जिथवर पोचली ती सीमा) कुठली ते कळेनासं होतं.

एका टोकाला बीजाणू लावून २५ अंशांवर २४ तास सतत उजेडात ठेवा. उजेडात घड्याळ थांबलेलं असतं. अंधारात नेताच सगळ्या नळ्यांची घड्याळं एकदम सुरू होतात. त्या क्षणी कडेवर मार्करने रेघ मारा आणि पुढे रोज ठरल्या वेळी मारत राहा. रेघ मारताना दिवा लालच हवा, कारण बुरशीचं डब्ल्यूसी-१ हे प्रथिन निळा प्रकाश टिपतं, लाल नाही. मोबाइलचा टॉर्च क्षणभर लागला तरी ती नळी बाद धरा.

नारिंगी, पिठूळ पट्टे उमटले की लागोपाठच्या दोन पट्ट्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. त्याला रोजच्या वाढीने भागून २४ ने गुणा. पट्टे ३३ मिमीवर आणि वाढ रोज ३६ मिमी असेल तर आवर्तन (घड्याळाची एक फेरी) २२ तासांचं, म्हणजे बरोबर. घड्याळ चालवणाऱ्या 'फ्रीक्वेन्सी' या जनुकाच्या १ क्रमांकाच्या उत्परिवर्तनात ते १६ तासांवर येतं, ७ क्रमांकाच्या उत्परिवर्तनात २९ वर जातं.

बँड वाणातच नेमके २४ तास आले तर खूश होऊ नका. बहुधा दाराच्या फटीतून उजेड येतोय, किंवा खोलीचा एसी रात्री बंद होतोय आणि बुरशी त्या तापमानाच्या तालावर चालतेय.

वापरलेल्या नळ्या न उघडता ऑटोक्लेव्ह करा. हे बीजाणू एकदा प्रयोगशाळेत उडाले की महिनोन्‌महिने दुसऱ्यांच्या प्लेटवर नारिंगी होऊन उगवतात.