पेटीवाल्या हातांनी फ्यूग कसा बसवावा

भजनी मंडळात पेटीवर बोटं तयार झालेल्या माणसाला पियानोवर खरा त्रास देतो तो डावा हात. त्यानं जन्मभर भाताच हलवलेला असतो!

पियानो नसला तरी चालेल. जर्मन संगीतकार बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ या पट्टीवाद्यासाठीच्या संग्रहाचा पहिला भाग १७२२ चा. त्यातला सी मायनर फ्यूग ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर सहज मावतो. फ्यूग म्हणजे एकच छोटी सुरावट, तिला विषय म्हणतात, एकामागून एक आवाज उचलत जातात अशी रचना. तीन आवाज, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन सुरावटी, आणि फक्त ३१ बार, म्हणजे कागदावर उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे तुकडे.

आधी वाजवूच नका, गा. पांढरी एकचा सा धरून: सा नि सा प, कोमल ध... हा विषय मधला आवाज एकटा मांडतो. तिसऱ्या बारला वरचा आवाज तोच विषय पंचमावरून उचलतो: प, तीव्र म, प, सा. सरळ सरकवला असता तर इथे रे आला असता, बाखनं सा ठेवलाय. माझं बोट आठ दिवस रे वरच पडत होतं. सातव्या बारला खर्जातला आवाज येतो.

भजनात बुवांनी टाकलेली ओळ टाळकरी उचलतात, तेव्हा बुवा दम घेतात. इथे कोणीच थांबत नाही.

म्हणून ‘आधी उजवा हात, मग डावा’ ही रीत अपुरी पडते. मधला आवाज या हातातून त्या हातात जातो. छापील कागदावर तीन आवाज तीन रंगांच्या पेन्सिलींनी गिरवा. प्रत्येक आवाज एकटा वाजवा, पण शेवटी ज्या बोटांनी वाजवायचा त्याच बोटांनी. बोटांचे आकडे लिहूनच ठेवा. मग दोन-दोनच्या जोड्या: वरचा-मधला, मधला-खालचा, वरचा-खालचा. उरलेला तिसरा तोंडानं म्हणा. हे सगळ्यात अवघड, आणि इथेच घाई होते. दिवसाला दोन बार पुष्कळ झाले. लाइन गेली की नुसतं गा.

कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावून पाहा. पियानोचा सूर आपोआप विरतो, त्यामुळे पट्टी लवकर सोडल्याची चोरी लपते. ऑर्गनवर लगेच उघडी पडते. सूर लांबवणाऱ्या पेडलला पाय लावू नका.

तिन्ही आवाज जुळले की मोबाइलवर रेकॉर्ड करा. तिफणीचा एखादा नळा तुंबला तर पेरताना लक्षात येत नाही, उगवल्यावर तास रिकामं दिसतं. तसंच ऐकताना एखादा आवाज मध्येच गायब झालेला सापडेल. दोन बार मागे जा आणि तो एकटाच पुन्हा वाजवा.