घरातल्या मारहाणीत सापडलेल्या मुलांना आणि त्यांच्या आईला आधार देताना या चुका टाळा

घरातली मारहाण समुपदेशकाला सगळ्यात शेवटी कळते. त्याआधी ती वर्गातल्या बाईंना कळलेली असते, आशाताईंना कळलेली असते, कॉलेजातल्या सरांना किंवा शेजारच्या काकूंना कळलेली असते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मी बरीच वर्षं हे काम करते. बिघडलेली प्रकरणं आठवते तेव्हा जाणवतं की त्यात वाईट हेतूने कुणीच काही केलेलं नव्हतं. चांगल्या मनाने, घाईघाईत केलेलं होतं. एकच गोष्ट विसरलेली होती: आपलं बोलणं संपल्यावर ते लेकरू आणि त्याची आई त्याच घरी परत जाणार आहेत. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, "आज रात्री घरी काय होईल?" खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्याने होतात.

"उद्या वडिलांना घेऊन ये"

कोरेगावकडचा नववीतला एक मुलगा. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. गृहपाठ कधीच पूर्ण नसायचा. बाईंनी दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा वहीत शेरा लिहून वडिलांची सही आणायला सांगितली. त्या रात्री पोराला आणि त्याच्या आईला, दोघांनाही मार बसला. "तुझ्यामुळे पोरगं बिघडलं" हे कारण वडिलांच्या हातात आयतं सापडलं होतं.

खरी गोष्ट महिन्याभराने कळली. आधी एकदा भांडणात वडिलांनी त्याच्या वह्या पेटत्या बंबात घातल्या होत्या. तेव्हापासून तो शाळा सुटली की दप्तर चुलतीच्या पडवीत ठेवून मग घरी जायचा. अंधार पडल्यावर ते आणायला बाहेर पडणं शक्य नसायचं. पहाटे उठून, चुलतीकडे जाऊन, जमेल तेवढं लिहायचा. चौदा वर्षांच्या मुलाने स्वतःची शाळा वाचवण्यासाठी केवढी व्यवस्था लावली होती! आणि आपल्या नजरेला तो आळशी दिसत होता.

अभ्यास एकदम घसरला, वर्गात डोळा लागायला लागला, शाळा सुटली तरी मूल रेंगाळतंय, असं दिसलं की घरी फोन लावू नका. आधी त्याच्याशी एकट्याशी बोला, तेही सगळ्या वर्गासमोर हाक मारून नव्हे. वाचनालयातली पुस्तकं लावायला, फळा रंगवायला, असं काहीतरी काम काढून बोलवा. "बाबा मारतात का?" असं थेट विचारलंत तर उत्तर "नाही" येणार. बाप कसाही असला तरी लेकराला त्याची लाज झाकायची असते. "संध्याकाळी घरी कसं असतं?", "झोपायला कुठे असतोस?" असं विचारा आणि गप्प बसा. गप्पांच्या पहिल्या खेपेत काहीच निघालं नाही तर पुन्हा आठवड्याने बसा. काही मुलं चौथ्या खेपेला बोलतात.

बोललं, की तेच मुख्याध्यापकांसमोर, मग समितीसमोर, मग पोलीस पाटलांसमोर पुन्हा वदवून घेऊ नका. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह, एका कागदावर लिहा. तो कागद शाळेच्या कार्यालयात उघडा पडू देऊ नका.

"मी कुणालाही सांगणार नाही" हे वचनही देऊ नका. लैंगिक छळाची गोष्ट निघाली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेव्हा वचन मोडावं लागतं आणि मूल पुन्हा कुणावरच विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी सांगा, "ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन, आणि तुला आधी कळवून सांगेन." अठरा वर्षांखालच्या कुणासाठीही 1098 हा मदतीचा फोन क्रमांक आहे. तो मुलाच्या वहीत लिहून देऊ नका, पाठ करून घ्या.

भावकीची बैठक

या चुकीवर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान हिच्यातून होतं.

मारहाण झाली, बाई माहेरी आली, की दोन्हीकडचे पाहुणे जमतात. ओट्यावर सतरंजी पडते, चहा होतो. सासरचे एका बाजूला, माहेरचे एका बाजूला, आणि पोरं दारात उभी. बैठकीतला पहिला प्रश्न बहुतेक वेळा बाईलाच असतो: "तू काय बोललीस म्हणून त्याने हात उचलला?" नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर ती काय सांगणार? पोरांना तर त्याहून वाईट प्रश्न येतो, "तुला आई पाहिजे का बाबा?"

नवरा-बायकोला समोरासमोर बसवून खरं कळत नाही. कळलं तरी त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा. त्याचे नियम 2006 साली आले. त्यात समुपदेशनाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: मारणाऱ्याला आपल्या मारहाणीचं समर्थन करू द्यायचं नाही. आपल्या बैठकीत मात्र तेच समर्थन दोन तास चालतं.

शेवटी स्टॅम्प पेपर येतो. "इथून पुढे मारहाण करणार नाही", खाली सही, दोन साक्षीदार. हा कागद घेऊन बाई परत सासरी जाते. महिन्याभरात पुन्हा मार बसतो आणि ती तो कागद घेऊन पोलीस ठाण्यात जाते, तेव्हा तिला कळतं की तो नुसता मोडला म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. न्यायालयाने दिलेला संरक्षण आदेश मात्र मोडला तर तो गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेवढाच वेळ आणि तेवढीच माणसं लावून हा आदेश मागता येतो. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जायचं, ते घरगुती घटनेचा अहवाल भरतात आणि अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. परिस्थिती गंभीर असेल तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीच अंतरिम आदेश देण्याची सोय आहे. वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. त्याचा क्रमांक 15100.

बैठक टाळता येतच नसेल, वडीलधारी माणसं ऐकतच नसतील, तर निदान आधी बाईला एकटीला भेटा. पोरांना त्या दिवशी मामाकडे पाठवा. आणि कागदावर तिला सही करायला लावू नका.

"घर सासऱ्याच्या नावावर आहे, तिला काय हक्क?"

हे वाक्य सरपंचांपासून शिकलेल्या नातेवाइकांपर्यंत सगळे म्हणतात, आणि बाई पोरांसकट घराबाहेर पडते. नवऱ्याबरोबर ती ज्या घरात नांदली त्यात राहण्याचा तिला हक्क आहे. घर सासू-सासऱ्याच्या नावावर असलं तरी तेवढ्यावरून हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं आहे. न्यायदंडाधिकारी मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. मुलांची शाळा, मित्र, झोपायची जागा, हे सगळं शाबूत राहण्याचा हा सगळ्यात चांगला मार्ग आहे, आणि तो सगळ्यात कमी वापरला जातो.

विटा, खानापूर, आटपाडी या भागातली अडचण वेगळी. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी इथली कुटुंबं देशभर पसरलेली आहेत. मुलगी लग्न होऊन दूर परराज्यात जाते. तिथली भाषा येत नाही, शेजारी ओळखीचं नाही, फोन नवऱ्याच्या हातात. मार खाऊन ती लेकरांसह माहेरी येते तेव्हा तिला सांगितलं जातं, "घडलं तिकडे, तक्रार तिकडेच कर." हे चूक आहे. ती जिथे आसऱ्याला आली आहे तिथल्याच न्यायालयात, तात्पुरती राहत असली तरी, अर्ज करता येतो. पोलीस तक्रारही इथे देता येते.

अशा वेळी पोरांचं वर्ष वाया जातं, कारण नवी शाळा दाखला मागते आणि दाखल्यासाठी वडिलांशी बोलायला सांगते. आठवीपर्यंत दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं कलम आहे. मुख्याध्यापकांना ते आदराने दाखवा. नवीन शाळेला एवढंही सांगा की मुलाला न्यायला कोण येईल, कुणाच्या हाती द्यायचं नाही.

सगळा दोष दारूवर

"दारू सुटली की सगळं ठीक होईल." मीही सुरुवातीला असंच मानत होते. व्यसनावर उपचार हवेतच. पण प्यायलेला तोच माणूस सोसायटीच्या चेअरमनवर हात उचलत नाही, घरी येऊन बायकोवरच उचलतो. दारू सुटली आणि मार चालूच राहिला, अशी घरं मी पाहिली आहेत. म्हणून व्यसनमुक्तीला पाठवताना बाई आणि मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्था वेगळी करा. तो उपचार घेऊन घरी येतो ते पहिले काही आठवडे तर अंतर देऊ नका.

"आता तूच घरातला कर्ता"

सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं. पोरगं ते मनावर घेतं. मग एके रात्री आईच्या आणि बापाच्या मध्ये उभं राहतं, हातात मिळेल ते घेऊन. तासगावच्या एका कॉलेजकुमाराने मला सांगितलं होतं, "मॅडम, मी उन्हाळ्यातपण गच्चीवर झोपत नाही. खाली काही झालं तर ऐकू येणार नाही." त्याच्या बारावीच्या मार्कांबद्दल घरात चर्चा चालू होती.

त्याला शाबासकी देऊ नका, रागावूही नका. त्याला वेगळं काम द्या. आवाज चढला की धाकट्या बहिणीला घेऊन मागच्या दाराने शेजारी जायचं आणि 112 ला, पोलिसांच्या तातडीच्या मदतीसाठी, फोन करायचा. मध्ये पडायचं नाही. आईने हाक मारायचा एखादा साधा शब्द ठरवून ठेवायचा, जो ऐकला की निघायचं. आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, जन्माचे दाखले, पासबुक, थोडे पैसे आणि आईची औषधं हे सगळं विश्वासाच्या एका घरी आधीच पोचवायचं. फोनवरचं लोकेशन वडिलांना दिसतं का, तेही तपासा.

याच मुलांपैकी काही पुढे आपल्या मैत्रिणीला "पासवर्ड दे", "कुठे होतीस?" असं दरडावायला लागतात. "बापावर गेलास" हे त्यांना तोंडावर कधीही म्हणू नका. त्याच वाक्याच्या भीतीत ती मोठी झालेली असतात. त्यांच्याशी त्या एका वागण्याबद्दल बोला. मन खचलेलं दिसलं, झोप उडाली, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीतून बोलता येतं.

"तक्रार मागे घेतली, आता आमच्याकडे येऊ नको"

पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद (जिच्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत) करून परत पाठवलं, तर वाट तिथे संपत नाही. 2005 च्या कायद्याखालच्या अर्जाला एफआयआर लागत नाही. 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा, जिल्ह्याच्या वन स्टॉप सेंटरला जा. तिथे निवारा, वैद्यकीय मदत, पोलीस आणि वकील अशी सोय एका ठिकाणी आहे.

आणि ती स्वतःच परत गेली तर? जाते. पोरांची परीक्षा असते, माहेरी भावजयीचं तोंड असतं, ऊस तोडायचा असतो. घर सोडायच्या सुमाराला मार जास्त वाढतो, हे तिला आपल्यापेक्षा नीट माहीत असतं. रागाने तिला तोडू नका. "सोड त्याला" असा लकडाही लावू नका. मी अशा बाईला निघताना तीन गोष्टी विचारते: कागद कुणाकडे आहेत, फोन कुणाचा वापरशील, आणि पोरांना कुठे पाठवशील. उत्तरं वहीत लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा आली तर तिला पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही. कोरेगावच्या त्या मुलाची आई तीनदा आली. तिसऱ्यांदा कागदांची पिशवी चुलतीच्या पडवीतून, दप्तराच्या शेजारून उचलून आणली होती.