रात्री अंगणात कासव ठेवायचं तर

धोंडू आमच्याकडे आला तेव्हा आमटीच्या वाटीत मावत होता. भाचा नोकरीसाठी परदेशी निघाला आणि जाताना हा आफ्रिकन सुलकाटा, म्हणजे जमिनीवरचं कासव, माझ्या ओट्यावर ठेवून गेला. सोबत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचा कागद आणि "मावशी, काही करावं लागत नाही गं याचं" हे धादांत खोटं वाक्य.

आधी कागदाचं बोलते, कारण लोक तेच विसरतात. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव पाळणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. तळ्या-विहिरीतली आपली देशी कासवंही त्याच कायद्यात येतात. तसलं कुठे सापडलं तर घरी न नेता वनखात्याच्या १९२६ या नंबरावर फोन करा. सुलकाटा परदेशी, म्हणून तो पाळता येतो, पण नोंदणी हवीच. आणि आज वाटीएवढा दिसतो म्हणून भुलू नका. पूर्ण वाढला की दोन-अडीच फुटांचा आणि चाळीस-पन्नास किलोंचा होतो, शिवाय बहुतेक तुमच्या मागेही उरतो. मी भाच्याला बजावून ठेवलंय, दहा किलोंचा झाला की येऊन घेऊन जा.

आता रात्रीचं. माझं स्पष्ट मत सांगते: चार-पाच इंचांचं कासव रात्री घरात घ्यावं. बाहेर ठेवायचंच असेल, आणि मी आता उन्हाळ्यात ठेवते, तर सहाही बाजूंनी बंद असलेल्या पेटीत. कुंपण घातलंय, भिंत आहे, गेट लावतो, यातलं काही रात्री उपयोगाचं नाही.

आम्ही नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आखलेल्या त्या बैठ्या घरांपैकी एकात. (बैठी म्हणायची आपली, आता बहुतेकांनी मजले चढवलेत.) मागे डोंगर. मुंगूस दिवसाढवळ्या अंगणातून जातं, पावसाळ्याआधी एकदा घोरपड पाण्याच्या टाकीपाशी बसलेली दिसली. त्यामुळे मी भ्यायले ती मुंगसाला, मांजराला आणि गल्लीतल्या कुत्र्यांना. घुशीचा विचारच केला नाही. माझा डब्यांचा व्यवसाय आहे, दुपारचं खरकटं मागच्या दारी जमतं, म्हणजे घुशीला मीच निमंत्रण देऊन बसले होते.

पहिल्या एप्रिलमध्ये मी आंब्याची रिकामी लाकडी पेटी मातीवर उलटी घातली, वर दोन विटा ठेवल्या आणि आत धोंडूला. फटींमधून हवा, वरून वजन, झालं काम! सकाळी सहाला विटा जागच्या जागी होत्या. पेटी उचलली तर भिंतीकडच्या बाजूने मूठ जाईल एवढं बीळ आतपर्यंत आलेलं. धोंडू कोपऱ्यात मान आत ओढून बसलेला, डावा मागचा पाय तेवढा बाहेर, आणि त्याच्या टाचेवरचे खवले भोपळ्याची साल काढावी तसे कुरतडलेले. रक्त फार नव्हतं. पण रात्रभर काहीतरी त्याचा पाय खात होतं, आणि तो ओरडू शकत नाही.

ही गोष्ट नीट समजून घ्या. कासव पाय आत घेतं, पण पूर्ण झाकले जात नाहीत. पुढच्या पायांच्या बाहेरच्या बाजूला जाड खवले असतात, मागचे मात्र उघडे राहतात. झोपलेलं, गार पडलेलं कासव पळत तर नाहीच. अगदी पिल्लाचं कवच तर बोटाने दाबलं तर किंचित दबतं, ते टणक व्हायला बराच काळ जातो.

विदेशी प्राण्यांच्या डॉक्टरांनी जखम सलाइनने धुतली, अँटिबायोटिक दिलं आणि पुरते पंधरा दिवस मातीशी संबंध बंद केला. खाली रोज नवा कागद, म्हणजे जखमेत माती जात नाही आणि माशी बसली तर दिसते. चावा लहान दिसला तरी घरी हळद लावून थांबू नका, आत पू धरतो.

त्यानंतर सुताराकडून पेटी करून घेतली. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच, बारा मिलीमीटर प्लायची, तळही प्लायचाच. आतून पॉलिश, रंग काही नाही. वास बंद पेटीत कोंडतो. झाकण बिजागऱ्यांचं. झाकणाचा अर्धा भाग आणि समोरासमोरच्या दोन बाजूंच्या खिडक्या जाळीच्या, म्हणजे मे महिन्यात आत घुसमट होत नाही. जाळी घेताना दुकानदार कोंबड्यांची षटकोनी जाळी पुढे करेल, स्वस्त असते. घेऊ नका. तिची तार बारीक असते, कुत्रं दातांनी ओढून फाडतं. वेल्ड केलेली, अर्ध्या इंचाहून मोठं भोक नसलेली जाळी घ्या आणि ती आतून पट्टी मारून बसवा. नुसते खिळे वाकवून ठोकलेली जाळी दोन महिन्यांत सुटते.

खिडक्या वरच ठेवा, खालचा एक फूट बंद फळीच हवी. कासवाला पलीकडचं दिसलं की त्याला तिथे वाट आहे असं वाटतं, मग ते नाक घासत राहतं, जाळीला पाय लावून चढतं आणि उताणं पडतं. उताण्या कासवाची फुप्फुसं पाठीकडे, म्हणजे खाली जातात आणि पोटातला सगळा भार त्यांवर येतो. रात्री कुणी सरळ करायला नाही आणि सकाळचं ऊन थेट पेटीवर आलं तर जीवच जातो. म्हणून आत दगड, विटा, शोभेची कुंडी असलं काही ठेवू नका. चार-पाच इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि माती, वर थोडं सुकं गवत, एका कोपऱ्यात आडवी ठेवलेली अर्धी फुटकी कुंडी. धोंडू तिच्याखाली माती उकरून शिरतो. सुलकाटा मुळात सहाराच्या दक्षिणेकडचा, बिळात राहणारा, त्याला अंगावर छत लागतं.

पेटीला नऊ इंचांचे पाय आहेत, त्यामुळे घुशीला खालून यायला मार्ग नाही. आणि त्या पायांखाली मी चार वाट्या ठेवल्यात, पाणी घालून. आमची आजी दुधाच्या फडताळाखाली ठेवायची तसंच. लाल मुंग्या डोळ्यांना आणि शेपटीच्या बुडाला चावतात. मुंग्यांचा खडू ओढायचा नाही, ते विष आहे. उंदराचं औषधही अंगणात नको. वाट्यांतल्या पाण्यावर चमचाभर तेल सोडते, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेची माणसं तपासायला आली की ऐकून घ्यावं लागतं.

पाण्याची बशी रात्री काढून घ्या. "कासव आहे ना, मग टबात सोड की," असं मला तीन जणांनी सांगितलं. हे जमिनीवरचं कासव, पोहता येत नाही, बुडतं. दिवसा बशी ठेवाल ती कुंडीखालची, उथळ.

पावसाचं माझं गणित सोपं आहे. जूनपासून सप्टेंबरअखेर धोंडू रात्री घरात. वर कितीही पत्रा टाका, इथला पाऊस आडवा येतो. मे महिन्यातला वळीव तर सांगून येत नाही, म्हणून ढग दिसले तरी आत. थंडी आपल्याला थंडी वाटत नाही, पण जानेवारीत काही पहाटे पारा सोळा-सतरावर येतो आणि एवढ्या लहान सुलकाट्याला रात्री वीस अंशांखाली ठेवू नये. पेटीत साधा थर्मामीटर टांगलाय, डिसेंबर लागला की संध्याकाळी बघते. ओल आणि गारवा एकत्र आला की छातीला बाधतं. नाकावर बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान ताणून बसणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. कासवाला खोकता येत नाही, आत साचलेलं आतच राहतं.

माणसांबद्दलही सांगते, कारण कुलूप त्यांच्यासाठी आहे. एक गृहस्थ धोंडूची नखं मोजायला आले होते. वीस नखांचं कासव असलं की पैशाचा पाऊस पडतो म्हणे! मी म्हटलं, डॉक्टरांच्या बिलाचा पडला आत्तापर्यंत. एका शेजारणीने सकाळी देवळातून येता येता त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं, ते धुताना मला दहा मिनिटं लागली. एकाने सुचवलं, कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी बांधा. कवच म्हणजे जिवंत हाड, त्यात नसा असतात, भोक पाडलं तर रक्त येतं. तेव्हा कडी, कोयंडा आणि बारकं कुलूप, किल्ली माझ्या मसाल्याच्या कपाटात.

रोजचं काम असं. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी धोंडूला शोधायचं, कारण एकदा त्याने माती अंगावर घेतली की तो आणि माती वेगळी दिसत नाही. आधी भिंतीच्या कडेने, मग जास्वंदीच्या बुंध्याशी, मग कुंड्यांच्या मागे. कासवाच्या जागा ठरलेल्या असतात, पंधरा दिवसांत तुम्हालाही कळतील. राहिलेली पानं, शेवग्याचा पाला, फुलं सगळं उचलायचं, पेटीत खाणं ठेवायचं नाही. पाय, शेपूट, डोळे एकदा बघून आत ठेवायचं, झाकण लावायचं आणि कुलूप ओढून बघायचं. सकाळी ऊन पेटीवर यायच्या आत उघडायचं. रविवारी मसाल्याच्या काट्यावर वजन. या रविवारी ३१० ग्रॅम भरलं. काट्यावर आधी कागद घाला, धोंडू दर वेळी तिथेच उरकतो.

मोबाइलमध्ये मी त्याच्या नावाचा गजर लावलाय. जूनमध्ये तो पावणेसातला वाजतो, जानेवारीत पावणेसहाला. गेल्या वर्षी वेळ बदलायची विसरले आणि अंधारात बॅटरी घेऊन अख्खं अंगण धुंडाळलं. स्वारी माझ्या चपलेत होती.