नेमणूकपत्रातील शोधांच्या मालकीचे कलम कसे वाचावे

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरीवर रुजू होताना बहुतेक जण पगाराचा आकडा पाहून इंग्रजी करारनाम्यावर सही करतात. पण काम डिझाइनचे, टूलरूमचे किंवा सॉफ्टवेअरचे असेल, तर शोधांच्या मालकीचे कलम सहीपूर्वीच नीट वाचायला हवे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या ड्रॉइंगची किंवा संगणक प्रोग्रामची पहिली मालकी, वेगळा करार नसल्यास, कंपनीकडे जाते. 1970 च्या पेटंट कायद्यात मात्र नोकरदाराच्या शोधाविषयी अशी सरसकट तरतूद नाही. तेथे अर्जाचा हक्क मुळात खऱ्या आणि पहिल्या संशोधकाचा असतो, म्हणून कंपनी तो करारातून स्वतःकडे घेते. करारातील या कलमाला एवढे महत्त्व आहे ते त्यामुळेच.

कलमाची व्याप्ती हा खरा कळीचा मुद्दा. समजा, अंबडमध्ये स्विचगिअरचे (वीजपुरवठा नियंत्रित करणाऱ्या उपकरणांचे) डिझाइन करणारा एक अभियंता रविवारी दिंडोरीच्या घरच्या द्राक्षबागेत फवारणीचा नवा नोझल तयार करतो. कलमात ‘कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित शोध’ असे असेल, तर नोझल बहुधा त्याचाच राहील. ‘नोकरीच्या काळातील सर्व शोध, मग वेळ व जागा कोणतीही असो’ असे असेल, तर त्यावरही कंपनी दावा सांगू शकते. त्यातच नोझलची एखादी बुश (आत बसणारी छोटी नळी) कंपनीच्या लेथवर फिरवून घेतली असेल किंवा ड्रॉइंग कंपनीच्या लॅपटॉपवर काढले असेल, तर कलमातील ‘कंपनीची साधने वापरून’ असे शब्द आड येतात. एवढ्याशा सोयीसाठी हक्क धोक्यात घालू नये. सुटा भाग बाहेरच्या वर्कशॉपमधून स्वतःच्या नावाच्या बिलावर करून घ्यावा आणि तारखेसह वही ठेवावी.

रुजू होण्यापूर्वीचे शोध कराराच्या परिशिष्टात नोंदवून घ्यावेत. ती जागा कोरी सोडली, तर पुढे ते आधीचे असल्याचे सिद्ध करणे अवघड जाते. नोकरी सोडल्यानंतरच्या सहा महिन्यांतील किंवा वर्षभरातील शोधांवर हक्क सांगणारे वाक्यही शोधावे आणि ते कंपनीच्या गोपनीय माहितीवर आधारित शोधांपुरते मर्यादित करून मागावे. एचआरने तोंडी ‘ते नावालाच असते’ असे सांगितले, तरी बदल करारातच लिहून घ्यावा. हक्क कंपनीला दिले, तरी पेटंटमध्ये संशोधक म्हणून नाव नोंदवण्याची सोय पेटंट कायद्याच्या कलम 28 मध्ये आहे. ती मागायला संकोचू नये.