लाकडी कोठारातलं लग्न: उजेड, रंग आणि धूळ सांभाळून फोटो कसे काढायचे

शेतातलं जुनं लाकडी कोठार लग्नासाठी सजवलं की डोळ्यांना फार देखणं दिसतं. उंच आढं, जाडजूड तुळया, वरून सोडलेल्या पिवळ्या दिव्यांच्या माळा. कॅमेऱ्याला मात्र तिथे वेगळंच काही दिसतं. आत अंधार असतो, पण ती अडचण त्यातल्या त्यात सोपी. हल्लीचे फुल फ्रेम कॅमेरे आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर बऱ्यापैकी स्वच्छ फोटो देतात. खरं दुखणं असं की एकाच चेहऱ्याच्या एका गालावर दारातला निळसर उजेड पडतो, दुसऱ्यावर बल्बचा नारिंगी, आणि लाकडी भिंतींवरून जो काही थोडाफार उजेड परत फिरतो तोही तपकिरी होऊनच येतो. त्यामुळे इथे उजेड किती आहे हे नंतर बघायचं. तो कुठून येतोय आणि कोणत्या रंगाचा आहे, हे आधी.

आधी जागा बघून या

जाऊन बघायचं ते विधीच्याच वेळेला. सकाळी बघितलेलं कोठार संध्याकाळी ओळखू येत नाही. मोठं दार पश्चिमेला असेल तर दुपारनंतर ऊन थेट आत घुसतं आणि जमिनीवर एक लख्ख पट्टा पडतो. त्या पट्ट्यात अर्धी माणसं आणि बाहेर अर्धी, असं झालं की कोणतंच एक्स्पोजर दोघांना पुरत नाही. लग्न दोन-तीन महिन्यांनी असेल तर सूर्याची दिशा आणि उंची दाखवणाऱ्या ॲपवर ती तारीख टाकून बघा. भिंतीच्या फळ्यांमध्ये फटी असतील तर त्यातून येणारं ऊन चेहऱ्यांवर झेब्र्यासारखे पट्टे ओढतं. ज्या भिंतीवर त्या वेळी ऊन असेल तिथे बाहेरून जाड कापड लावता येईल का, हे जागेच्या मालकांना विचारून ठेवा.

त्यांना आणखी काही गोष्टी विचारायच्या. दिव्यांच्या माळा मंद करता येतात का, आणि कोणत्या बटणावर काय लागतं? तुळयांना क्लॅम्प लावलेला चालेल का? पोटमाळ्यावर जायला परवानगी आहे का, आणि तिथल्या फळ्या वजन पेलतात का? परवानगी मिळाली तरी वर जाताना खिशातलं सगळं काढून ठेवा आणि कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला किंवा गळ्यात असू द्या. खाली माणसं बसलेली असतात.

त्याच भेटीत माळा लावून १/५०० सेकंदावर दहा-बारा फोटो काढून बघा. काहींत आडवे काळपट पट्टे दिसले किंवा फोटोगणिक उजेड कमी-जास्त झाला, तर दिवे लुकलुकणारे एलईडी आहेत. ५० हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवायचं. ६० हर्ट्झवर १/६० किंवा १/१२०. आवाज नको म्हणून पुष्कळ जण विधीच्या वेळी इलेक्ट्रॉनिक शटर लावतात, पण बहुतेक कॅमेऱ्यांत तो सेन्सर ओळ-ओळ करून वाचतो आणि हे पट्टे आणखी ठसठशीत होतात. अशा जागी मेकॅनिकल शटरच बरा.

सोबत काय घ्यायचं

दोन बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), दोन्हींत दोन-दोन कार्डं, दोन्हीकडे एकाच वेळी साठवण चालू. ३५ आणि ८५ मिमीच्या एफ १.८ किंवा त्याहून उघड्या लेन्स (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), एक २४-७० आणि एक ७०-२०० एफ २.८. तीन फ्लॅश, रेडिओ ट्रिगर, दोन स्टँड, प्रत्येक स्टँडला वाळूची पिशवी, पूर्ण आणि अर्धे सीटीओ जेल (फ्लॅशवर चढवायची नारिंगी पारदर्शक फिल्म). ट्रायपॉड, धूळ उडवायचा हवेचा फुगा, मऊ कापडं आणि चिखलात चालणारे बूट. कपडे राखाडी किंवा काळे घाला. भडक शर्ट घालून माणसाच्या चेहऱ्याजवळ उभं राहिलं की शर्टाचा रंग त्याच्या गालावर येतो.

दारातला उजेड

सगळ्या कोठारात सर्वांत चांगला उजेड दारापाशी असतो, आणि तो फुकट असतो. जोडप्याचे एकट्याचे फोटो इथेच काढा. उन्हाची रेघ जमिनीवर जिथे संपते तिथून एक ते दीड मीटर आत त्यांना उभं करा, तोंडं बाहेरच्या दिशेला. बुटांकडे बघा, एकाही बुटावर ऊन असता कामा नये. दार म्हणजे मग एक प्रचंड सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी पेटी) होतं. मागचं कोठार चार-पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) काळोखात असल्याने आपोआप विरून जातं आणि माळांचे दिवे फक्त गोल ठिपके होऊन उरतात. एफ २.२, १/२५० आणि आयएसओ ४०० ते ८०० इथून सुरुवात करा.

तुम्ही दाराच्या मधोमध उभे राहिलात तर तुमचीच सावली त्यांच्यावर पडते. चौकटीला टेकून, एका कडेला उभं राहायचं. चेहरा सपाट वाटत असेल तर दोनफळी दाराची एक फळी बंद करा. उजेड एका बाजूने येऊ लागतो आणि नाक, गाल, जबडा यांना आकार येतो. दारासमोर हिरवळ असेल तर हनुवटीखाली हिरवट छटा येते, ती पांढऱ्या पोशाखावर जास्तच डोळ्यांत भरते. हिरवळीवर, फोटोच्या चौकटीबाहेर राहील असं पांढरं कापड अंथरलं की ती जाते. समोर खडी किंवा कोरडी माती असेल तर काहीच करायला नको.

विधी

सर्वांत नेहमीची चूक सजावट करणाऱ्यांकडून होते: विधीची जागा उघड्या दारासमोर, जोडप्याची पाठ दाराकडे. दिसायला छान, पण कॅमेऱ्याला जोडपं म्हणजे दोन काळ्या आकृत्या. खुर्च्या लागण्याआधीच हे बोलून घ्या. मांडणी उलट करून चेहरे दाराकडे आले की निम्मं काम झालं. ते जमत नसेल तर दार अर्धं लोटून घ्या. तेही नाही जमलं तर मधल्या वाटेवरून ठरवून दोन-चार छायाकृती काढा आणि बाकीचं सगळं बाजूने, ७०-२०० ने घ्या. मागे दाराऐवजी भिंत येईल असा कोन धरा, एक्स्पोजर चेहऱ्यावर मॅन्युअल लावून ठेवा आणि बाहेरचं पांढरं फटक झालं तर होऊ द्या.

नवरी दारातून आत येते ते काही क्षण सगळ्यात अवघड. उन्हात ती असते तेव्हा १/२००० लागतं, आणि पाच पावलांत तेच मोजमाप चार-पाच स्टॉप खाली येतं. चालता चालता डायल फिरवत बसू नका. एक बॉडी बाहेरच्या उजेडाला लावलेली आणि दुसरी आतल्या, हा उपाय सर्वांत भरवशाचा. एकाच बॉडीवर काम असेल तर शटर १/२५०, अपर्चर एफ २.८, आयएसओ ऑटो आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ (कॅमेऱ्याच्या मोजमापापेक्षा एक स्टॉप उजळ) ठेवा, नाहीतर मागचं दार बघून कॅमेरा चेहरा काळा करतो. बाहेरच्या उन्हात १/२५० वर फोटो जळतील, तेव्हा तिने उंबरठा ओलांडल्यावरच बटण दाबायला लागा.

फ्लॅश छताकडे वळवू नका

साध्या खोलीत फ्लॅश छतावर मारून उजेड मऊ करायची सवय सगळ्यांना असते. कोठारात ती उलटते. आढं ८ मीटर उंच असेल तर उजेडाला वर-खाली मिळून १३ मीटर जावं लागतं, ३ मीटरच्या खोलीत हेच अंतर ३ मीटर असतं. ढोबळ हिशेबाने चार स्टॉपांहून जास्त उजेड तिथेच गेला. पांढऱ्या छताच्या तुलनेत गडद लाकूड आणखी दोन-तीन स्टॉप गिळतं. एवढं सगळं होऊन जे खाली येतं ते विटकरी. फ्लॅश पूर्ण ताकदीवर धापा टाकतो, बॅटऱ्या तासाभरात संपतात आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं येतात ती वेगळीच.

त्याऐवजी नाचाच्या जागेच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक फ्लॅश स्टँडवर अडीच मीटर उंचीला लावा, तोंड जागेच्या मध्याकडे, थोडं खाली. ताकद १/१६ पासून सुरू करा. त्यांच्यावर पूर्ण सीटीओ जेल चढवा. ते फ्लॅशचा ५५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड नारिंगी) उजेड ३००० च्या आसपास आणतं आणि साधारण पाऊण स्टॉप खातं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते सेटिंग) ३२०० वर ठेवला की कातडी नैसर्गिक दिसते आणि २७०० च्या माळा किंचित उबदार राहतात, जे हवंच असतं. जेलशिवाय फ्लॅश मारला तर माणसं निळी-पांढरी आणि मागचं कोठार भगवं येतं. हा फरक नंतर संगणकावर नीट निघत नाही, कारण दोन रंग एकाच चेहऱ्यावर मिसळलेले असतात.

आता आयएसओ १६००, एफ २.८ ते ३.५, शटर १/८०. शटर संथ ठेवल्यामुळे माळांचा उजेड फोटोत येतो; १/२०० केलं की मागे काळी गुहा उरते. फोटोत काय कमी पडतंय ते बघून एकच गोष्ट हलवा: माळा मंद वाटल्या तर शटर, माणसं मंद वाटली तर फ्लॅशची ताकद. कोपऱ्यात फिरताना समोरचा फ्लॅश जोडप्याच्या मागे आला तर केसांना सुंदर कड येते, पण तो थेट चौकटीत शिरत असेल तर एक पाऊल सरका आणि त्याला कोणाच्या तरी डोक्यामागे लपवा.

स्टँडऐवजी तुळईला क्लॅम्प लावणार असाल तर प्रत्येक फ्लॅशला वेगळी सुरक्षा दोरी हवी. दिव्यांच्या वायरींवर काहीही अडकवू नका. गरम होणारे हॅलोजन दिवे, धुराच्या कांड्या, फुलबाज्या यांना पेंढ्याच्या आसपासही फिरकू देऊ नका, फोटो कितीही छान येणार असला तरी.

डीजेचे रंगीत दिवे भाषणांच्या वेळी बंद करायला सांगा. लाल किंवा निळा एलईडी चेहऱ्यावर पडला की एकच रंग ओसंडून जातो आणि तिथली बारकाई कायमची जाते. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) हे दाखवत नाही, तीन रंगांचा वेगवेगळा बघावा लागतो. लेझर असेल तर जास्त सावध राहा. त्याचा किरण थेट लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमचा डाग पडू शकतो.

बाहेर: गट, मावळतं ऊन, निळी वेळ

गटाचे फोटो कोठाराच्या सावलीच्या बाजूला घ्या. दोन रांगांना एफ ५.६, तीनला एफ ८, शटर १/२००, लेन्स ३५ ते ५० मिमी. एका गटाला तीन मिनिटं धरा, यादी आधी घ्या आणि नावं पुकारायला घरातलं एखादं खड्या आवाजाचं माणूस. भिंत लाल रंगवलेली असेल आणि तिच्यावर ऊन असेल, तर तिच्याकडे तोंड करून कोणालाही उभं करू नका. सगळे लाजल्यासारखे दिसतात.

सूर्यास्ताची वेळ बघून वेळापत्रकात जोडप्यासाठी वीस मिनिटं राखून ठेवा, पण मोकळ्या क्षितिजाची वेळ आणि तुमच्या जागेची वेळ एक नसते. पश्चिमेला झाडांची रांग किंवा टेकडी असेल तर ऊन अर्धा तास आधीच जातं. हे पहिल्या भेटीत बघून ठेवायचं.

सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटांनी, म्हणजे निळ्या वेळेत, कोठाराचा बाहेरून फोटो घ्या: दारं सताड उघडी, आतले सगळे दिवे चालू, अंगणातला मोठा दिवा बंद. ट्रायपॉड, एफ ५.६, आयएसओ ४००, शटर पाव ते अर्धा सेकंद, व्हाइट बॅलन्स ४००० च्या जवळपास. आकाश आणि खिडक्या सारख्याच उजळ दिसतात तो वेळ जेमतेम दहा मिनिटांचा असतो, म्हणून जोडप्याला आधीच जागेवर आणून दर दोन मिनिटांनी एक फोटो काढत राहा. त्यांच्यावर १/३२ ताकदीचा जेल लावलेला एक फ्लॅश कडेने टाकला की ते हलले तरी चेहरे बऱ्यापैकी धारदार राहतात.

धूळ, दव आणि शेवटी रंग

पेंढ्याची धूळ दिसत नाही, पण हवेत सतत असते. लेन्स बदलायची तर बाहेर जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून आणि बॉडीचं तोंड खाली धरून. थंड रात्रीतून गर्दीच्या उबदार कोठारात शिरलात की काचेवर लगेच वाफ धरते. कापडाने पुसून ती परत येते. कॅमेरा बंद पिशवीत वीस मिनिटं राहू द्यावा लागतो. म्हणून एक बॉडी आतच ठेवायची आणि बाहेरच्या कामाला दुसरी.

रंग दुरुस्त करताना पहिला मोह होतो तो नारिंगीची तीव्रता सरसकट कमी करण्याचा. लाकूड शांत होतं खरं, पण कातडीही नारिंगीतच मोडते, त्यामुळे माणसं आजारी दिसायला लागतात. आधी माणसांचा मास्क (फोटोतल्या तेवढ्याच भागाची निवड) करून त्यांचा व्हाइट बॅलन्स वेगळा लावा, मग मास्क उलटा करून फक्त मागच्या लाकडाची नारिंगी दहा-पंधराने खाली आणा. तुळयांचे काळे भाग थोडे काळेच राहू द्यावेत. सावल्या उचलत गेलं की दाणे वर येतात आणि कोठार राखाडी पडतं.