व्हायरल लोड तपासणीसाठी रक्तनमुना सांभाळताना

एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी यांच्या व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) तपासणीत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय रेणू, मोजला जातो आणि हा रेणू इतका नाजूक असतो की, पेशींतून बाहेर पडणारी विकरे त्याचे सहज तुकडे करतात. म्हणून नमुन्याची खरी काळजी यंत्रापाशी नव्हे, तर रक्त काढताक्षणीच सुरू होते. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या नळीत खुणेपर्यंत घ्यावे आणि नळी जोरात न हलवता आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करावी. हिरव्या झाकणाची नळी येथे चालत नाही, कारण तिच्यातील हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे द्रव्य पीसीआरची, म्हणजे विषाणूच्या जनुकीय अंशाच्या प्रती वाढवून तो मोजण्याची, अभिक्रिया रोखते.

प्लाझ्मा (रक्तातील पेशीविरहित द्रव भाग) शक्य तितक्या लवकर, सामान्यतः २४ तासांच्या आत, वेगळा करावा. नेमकी मुदत मात्र वापरात असलेल्या किटच्या माहितीपत्रकातूनच घ्यावी. संपूर्ण रक्त कधीही गोठवू नये, कारण त्यामुळे लाल पेशी फुटतात आणि बाहेर आलेले हिमोग्लोबिनही पीसीआरला अडथळा आणते. प्लाझ्मा थोडे दिवस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवता येतो, दीर्घकाळासाठी उणे ७० अंश किंवा त्याहून कमी तापमान उत्तम.

वारंवार वितळवणे टाळण्यासाठी गोठवण्यापूर्वीच प्लाझ्मा लहान कुप्यांत विभागावा. बर्फ आपोआप वितळवणारा घरगुती फ्रीजर या कामासाठी मुळीच वापरू नये. त्याचे तापमान ठरावीक काळाने चढते आणि कोणाच्याही लक्षात न येता नमुना खराब होतो. नाव, क्रमांक, तारीख व वेळ नळीवरच लिहावी, झाकणावर नव्हे.