फ्रीजचा काटा ४ वर, तरी दही आंबट

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं किराणा दुकान आहे. यंदा उन्हाळ्यात दही, पनीर लवकर आंबायला लागलं. गिऱ्हाईक पाकीट परत घेऊन आलं की फार वाईट वाटायचं. फ्रीजचा काटा मात्र कायम ४ अंशांवर.

मोबाईलवर आकडे पाठवणारा सेन्सर आणला, वरच्या कप्प्यात ठेवला. तोही ४! आतल्या पंख्याची गार हवा थेट त्याच्यावर येत होती, हे दोन दिवसांनी ध्यानात आलं. मग त्याच्या वायरचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडून बाटली खाली दाराजवळ ठेवली. नुसत्या हवेत ठेवलं की दार उघडताच आकडा उड्या मारतो, माल तेवढ्या पटकन तापत नाही. आता आकडा आला ११. रात्री दार बंद असतानाही ९ च्या खाली उतरेना.

मेकॅनिक म्हणाला, गॅस भरू. पण गॅस बंद नळीत फिरतो, गळती असेल तरच कमी होतो. म्हणून आधी प्लग काढून खालची जाळी उघडली. कंडेन्सरवर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांवर, पीठ आणि धुळीची जाड गोधडी! शेजारीच पिठाची पोती होती. मऊ ब्रशनं साफ केलं. नंतर दारात १० रुपयांची नोट धरून दार लावलं आणि नोट ओढून बघितली. खालच्या कोपऱ्यात ती अलगद सुटली. म्हणजे तिथं दार घट्ट बसत नव्हतं. दाराचं रबर बदललं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आकडा ४. पोती आता समोरच्या भिंतीला आहेत, आणि ८ च्या वर २० मिनिटं गेली की मोबाईल वाजतो.